३५० शेव्हीसाठी हेड निवडताना: प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

गाडी १९७८ ची शेव्हरोले (शेव्ही) कमारो, इंजिन ३५० स्मॉल ब्लॉक, म्हणजे ३५० घनइंचांची, ५.७ लिटरची व्ही-८. काम हेड निवडायचं, म्हणजे सिलिंडरांवर बसणारं, व्हॉल्व्ह आणि हवेच्या वाटा (पोर्ट) असलेलं झाकण. मालक माझा धाकटा मेव्हणा. गॅरेज माझं, डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या उपनगरातलं. हीटर लावूनही पाने हातात धरवत नाहीत. मुदत ऑगस्टची, १६ तारखेला वुडवर्ड ड्रीम क्रूझ (वुडवर्ड रस्त्यावरची जुन्या गाड्यांची मिरवणूक) आहे आणि त्याला तिथे स्वतःच्या गाडीतून जायचंय.

हाताशी काय आहे ते आधी लिहून ठेवतो, कारण हेडचा निकाल यातूनच लागणार. ब्लॉक आधीच्या मालकाने तीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मोठा बोअर करून घेतलेला, बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.०३० इंच. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) कंपनीचाच, ३.४८. पिस्टन फ्लॅट टॉप, प्रत्येकावर व्हॉल्व्हसाठी चार खाचा. मेव्हण्याने सेलमध्ये उचललेला कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) डब्यात पडून आहे: हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट (म्हणजे टॅपेट सपाट बुडाने कॅमवर घासतात), ५० थाऊ लिफ्टला, म्हणजे उचलीला, २२४/२३० अंश, व्हॉल्व्ह लिफ्ट ०.४७७/०.४८० इंच (आधी इनटेक, मग एक्झॉस्ट). ड्युअल प्लेन इनटेक मॅनिफोल्ड (कार्बोरेटरपासून हेडपर्यंत हवा नेणारा भाग) आहे, जुन्या बारा बोल्टांच्या मापाचा. हेडर्स (एक्झॉस्टच्या नळ्या) आहेत. गिअरबॉक्स टीएच३५० ऑटोमॅटिक, मागच्या अॅक्सलमध्ये २.७३ चा गिअर.

व्हॉल्व्ह कव्हर काढून हेडवरचा ओतीव नंबर वाचला: ३३३८८२. सत्तरच्या दशकातल्या धूरनियमांच्या काळातलं हेड. चेंबर (मिश्रण जळण्याची पोकळी) ७६ सीसीचा, भिंती पातळ, तडे जाण्याबद्दल बदनाम. कागदोपत्री हे इंजिन १७० एचपीचं होतं. ३५० घनइंचातून १७०.

१८ जानेवारी

इंजिन सुटं करण्याआधी डायल गेज लावून पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या माथ्यापासून किती खाली राहतो ते पाहिलं. पंचवीस थाऊ, कोपऱ्यात एक-दोन थाऊ इकडेतिकडे.

मग ८८२ चे चेंबर मोजले. हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून घ्यायचे, कडेला ग्रीस लावून वर अॅक्रिलिकची भोक पाडलेली पट्टी चिकटवायची आणि ब्युरेटमधून रंगवलेलं स्पिरिट सोडत राहायचं. शेवटचा बुडबुडा भोकापाशी येऊन अडकतो. हेड जरासं कलतं केलं की निघून जातो. तेव्हा जे रीडिंग येतं ते खरं. पुस्तकात ७६, इथे साडेसत्त्याहत्तरच्या वर.

हिशोब: एका सिलिंडरची स्ट्रोकची जागा ७२७ सीसी. पिस्टनच्या खाचा ६, पंचवीस थाऊची फट ५.२, ३९ थाऊच्या हेड पॅकिंगची जागा ८.७, वर चेंबर. म्हणजे कॉम्प्रेशन (मिश्रण किती पटीने दाबलं जातं ते) कसंबसं साडेआठ. हाच ब्लॉक, हेच पिस्टन आणि चेंबर ६४ चा घेतला तर ९.७. पिस्टनला हात न लावता एक अंकाहून जास्त वाढ, आणि हे सगळं हेडच्या पोटात दडलेलं. त्यामुळे ८८२ वर पोर्टिंगचा (पोर्ट घासून मोठे करण्याचा) खर्च करायचा विचार इथेच सोडला.

२५ जानेवारी

मेव्हणा कॅटलॉग घेऊन आला. बोट ठेवलं ते २२० सीसी इनटेक पोर्टच्या हेडवर.

"दाजी, फ्लो बघा की. एवढी हवा आत गेल्यावर एचपी कुठं जाणार?"

मी त्याला पाटी-पेन्सिलवर आणलं. टायर २६ इंची, गिअर २.७३, टॉपमध्ये गुणोत्तर एकास एक. ताशी ६० मैलांना इंजिन जेमतेम २१०० आरपीएमवर. त्याच टॉप गिअरमध्ये ६००० करायचे तर गाडी ताशी १७० मैलांनी, म्हणजे २७० किलोमीटरच्या वर पळायला हवी. वुडवर्डवर क्रूझच्या दिवशी गाड्या सिग्नलपासून सिग्नलपर्यंत सरपटतात. टॉर्क कन्व्हर्टरही (इंजिन आणि गिअरबॉक्समधली तेलाची जोडणी) कंपनीचाच. हे इंजिन आयुष्यातला बहुतेक वेळ दोन ते साडेचार हजारांत काढणार.

पोर्टची लांबी स्मॉल ब्लॉकच्या २३ अंशी (व्हॉल्व्ह तेवढे कललेल्या) हेडमध्ये फारशी बदलत नाही. म्हणून सीसी वाढले म्हणजे आतला सरासरी छेद रुंदावला. १८० च्या जागी २२० घेतलं तर त्याच आरपीएमला हवेचा वेग सुमारे १८ टक्क्यांनी पडतो. खालच्या आरपीएमला वेग पडला की कार्बोरेटरमधून आलेलं पेट्रोल हवेत तरंगत न राहता भिंतीला चिकटतं, सिलिंडर नीट भरत नाही आणि पॅडल दाबल्यावर गाडी क्षणभर विचारात पडते. २२० चं हेड वाईट नाही. ते मोठ्या स्ट्रोकच्या, मोठ्या कॅमच्या, साडेसहा हजारांवर राहणाऱ्या इंजिनाचं आहे.

दुसरं. कॅटलॉगमध्ये ठळक छापलेला फ्लो बहुधा ०.६०० किंवा ०.७०० इंच लिफ्टचा असतो. आपला कॅम इनटेक व्हॉल्व्ह ०.४७७ च्या वर उचलतच नाही. शिवाय व्हॉल्व्ह त्या शिखरावर एका उघडझापीत एकदाच पोचतो, ०.२००, ०.३०० मधून मात्र दोनदा जातो, वर जाताना आणि खाली येताना. म्हणून मी तक्त्याची उजवी बाजू हाताने झाकून ठेवली आणि त्याला ०.४५० पर्यंतचेच आकडे वाचायला लावले. २२० चा रुबाब बराच उतरला.

पटलं असं म्हणाला नाही. कॅटलॉग मात्र इथेच ठेवून गेला.

८ फेब्रुवारी

स्वॅप मीट. एका टेबलावर डबल हंप हेडची जोडी, टोकाला उंटाच्या पाठीसारखे ते प्रसिद्ध दोन उंचवटे, नंबर ४६२. साठच्या दशकातली चीज, ६४ सीसी चेंबर. मेव्हण्याचे डोळे चमकले आणि खरं सांगायचं तर माझेही. देखणं कास्टिंग आहे.

तरी घेतली नाहीत. एक तर त्यांच्या एक्झॉस्ट सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडा) कडक केलेल्या नसतात, त्या काळी पेट्रोलमधलं शिसंच सीटचं रक्षण करायचं. आजच्या बिनशिशाच्या पेट्रोलवर नव्या सीट ठोकून घ्याव्या लागतील. दुसरं, १९६९ पूर्वीच्या बहुतेक हेडच्या टोकांना अल्टरनेटर वगैरेच्या ब्रॅकेटसाठी भोकंच नाहीत, आणि आमच्या कमारोचे ब्रॅकेट तिथेच बसतात. तिसरं, विकणारा किंमत नावाची लावत होता. जुनी गाडी जशीच्या तशी उभी करणाऱ्यासाठी ती किंमत रास्तही असेल.

२२ फेब्रुवारी

व्हॉर्टेक. १९९६ पासून शेव्हीच्या ट्रकांमधल्या ५.७ लिटर इंजिनावर आलेलं बिडाचं हेड. नंबरात शेवटी ०६२ किंवा ९०६. भंगार यार्डात एका पिकअपवर ०६२ ची जोडी मिळाली, भाव किरकोळ.

स्मॉल ब्लॉकसाठी कंपनीने बिडात ओतलेलं याहून चांगलं रस्त्याचं हेड माझ्या पाहण्यात नाही. चेंबर ६४ सीसी, बदामाच्या आकाराचा, ज्वाला पटकन पसरते, त्यामुळे इग्निशनही कमी आगाऊ चालतं. इनटेक पोर्ट १७० सीसी, व्हॉल्व्ह १.९४ आणि १.५०. फ्लो २८ इंच पाण्याच्या दाबाला सव्वादोनशे ते दोनशे चाळीस सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) दरम्यान मोजला जातो. ढोबळ सूत्र आहे: सीएफएम गुणिले ०.२५७ गुणिले सिलिंडर. २३० धरले तर ४७० च्या वर एचपीची वरची मर्यादा. आमच्या कॅमवर आणि आरपीएमवर ३७०-३८० मिळाले तरी डोक्यावरून पाणी. म्हणजे या छोट्या व्हॉल्व्हच्या हेडमध्येही हवेची टंचाई नाहीच.

मेव्हणा व्हॉल्व्हवर अडला. २.०२ का नको? म्हटलं, ४.०३० च्या बोअरमध्ये मोठ्या व्हॉल्व्हची कड सिलिंडरच्या भिंतीजवळ सरकते आणि त्या बाजूने हवेला वाट अरुंद होते. चांगल्या पोर्टवरचा १.९४ सुमार पोर्टवरच्या २.०२ ला मागे टाकतो. आधी पोर्ट आणि सीटच्या वरचा गळा बघायचा, व्हॉल्व्ह नंतर.

व्हॉर्टेकची खोड लिफ्टमध्ये आहे. ०.४६०-०.४७० च्या आसपास स्प्रिंगचा रिटेनर (वरची टोपी) गाइडवरच्या (व्हॉल्व्हची दांडी जिच्यातून सरकते त्या नळीवरच्या) सीलला जाऊन भिडतो. आमचा कॅम ०.४७७/०.४८०, वर पन्नास थाऊची मोकळीक हवी. म्हणजे गाइडचं डोकं कापून घ्यायचं किंवा बीहाइव्ह (वर निमुळत्या) स्प्रिंग आणि छोटे रिटेनर बसवायचे.

१ मार्च

व्हॉर्टेकची जोडी मशीन शॉपवर नेली. धुऊन, पाण्याचे मार्ग बंद करून आतून हवेचा दाब दिला. एक हेड ठणठणीत. दुसऱ्यात एक्झॉस्ट सीटपाशी केसाएवढी चीर. उघड्या डोळ्यांना नुसती रेघ, साबणाचं पाणी टाकलं की ओळीने बुडबुडे. या हेडचं हे नेहमीचंच दुखणं, ट्रक तापला की सीटपाशी फाटतं. बीड शिवून घेता येतं, पण दोनपैकी एका हेडवर तेवढा खर्च करून पुन्हा वापरलेलंच हेड हाती येणार.

शॉपवाला म्हातारा चिरेवर नख फिरवत म्हणाला, दुसरं शोधा किंवा बेरीज करून बघा.

१५ मार्च

बेरीज केली.

व्हॉर्टेकला इनटेक मॅनिफोल्ड वेगळा लागतो, आठ बोल्टांचा. आमचा बारा बोल्टांचा घरात पडून. व्हॉल्व्ह कव्हर मधल्या बोल्टांची, तीही नवी. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) स्वतःच व्हॉल्व्हवर सरळ राहणारे, म्हणजे सेल्फ अलाइनिंग. वर गाइडचं काम, स्प्रिंगा, व्हॉल्व्ह जॉब, आणि आता दुसरं हेड. भंगारातल्या स्वस्त हेडची जोडी अशी फुगत फुगत नव्या अॅल्युमिनियमच्या जोडीच्या अंगणात जाऊन उभी राहते. ज्याच्याकडे व्हॉर्टेकचा मॅनिफोल्ड आधीच आहे किंवा कॅम छोटा आहे, त्याने डोळे झाकून व्हॉर्टेक घ्यावं. आमच्याकडे दोन्ही नाही.

अॅल्युमिनियममध्ये तीन नावं वहीत उतरली. एडलब्रॉक परफॉर्मर आरपीएम: १७० सीसी पोर्ट, ६४ चेंबर, २.०२/१.६० व्हॉल्व्ह. एएफआर १८० (कंपनीचं नाव आणि पोर्टचे सीसी): चेंबर ६५ किंवा ७५, व्हॉल्व्ह तेच. एएफआर १९५: व्हॉल्व्ह २.०५/१.६०. तिन्हींवर जुना बारा बोल्टांचा मॅनिफोल्ड बसतो. १९५ त्याच ३५० वर सुंदर चालतं, पण ३.७३ चा गिअर आणि ढिला कन्व्हर्टर असेल तर. मी १८० वर थांबलो.

चेंबर ६५ चाच. ७५ घेतला असता तर पुन्हा ८८२ च्याच दारात.

आता क्वेंच. पिस्टन वर आला की चेंबरच्या सपाट भागात आणि पिस्टनमध्ये जी फट उरते ती चाळीस थाऊच्या आसपास हवी. ती नेमकी असली की तिथली हवा पिचकारीसारखी प्लगकडे ढकलली जाते, मिश्रण घुसळलं जातं आणि इंजिन नॉक करत नाही, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके पडत नाहीत. आमची फट २५ अधिक ३९, म्हणजे चौसष्ट. इतक्या फटीत हवा दबतही नाही आणि तिथलं मिश्रण वेळेवर जळतही नाही. कॉम्प्रेशन वाढवून क्वेंच असा ढिला ठेवणं म्हणजे नॉकिंगला बोलावणं धाडणं. बिडाचं हेड असतं तर पंधरा थाऊचं पत्र्याचं पॅकिंग टाकून भागलं असतं. अॅल्युमिनियमवर ते नको. ब्लॉक शॉपवर जाणारच आहे, वीस थाऊ फेस मारून (माथा कापून) घेऊ. फट ४४. हिशोब: ६५ + ८.७ + १ + ६, एकूण ८०.७ सीसी; कॉम्प्रेशन बरोबर १०. अॅल्युमिनियम उष्णता पटकन खेचून घेतं म्हणून आमच्या पंपांवरच्या ९३ ऑक्टेनवर दहा पचतं. बिडाच्या हेडवर मी साडेनऊला थांबलो असतो.

३० मार्च, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभारली, दुपारी मेव्हण्याने ऑर्डर दिली. साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे, आज नाही तर कधी, असं त्याचं म्हणणं. हिची त्यावर टिप्पणी: सोनं नाही तर नाही, अॅल्युमिनियम तरी घेतलं.

ऑर्डर देताना दोन गोष्टी नीट सांगाव्या लागल्या. स्प्रिंगा फ्लॅट टॅपेट कॅमच्या हव्यात. अशी हेडं बहुधा रोलर कॅमच्या (ज्यावर टॅपेट चाकाने फिरतात) कडक स्प्रिंगा लावून येतात आणि त्या दाबाखाली नवा फ्लॅट टॅपेट कॅम पहिल्या अर्ध्या तासात घासून सपाट होऊ शकतो. दुसरं, प्लग सरळ की तिरके. तिरका प्लग चेंबरच्या मध्याकडे झुकतो, चांगला असतो, पण आमच्या हेडर्सच्या दोन नळ्या नेमक्या तिथून जातात. सरळ घेतले.

२६ एप्रिल

हेडं आली. नवी असली तरी खोक्यातून काढून थेट ब्लॉकवर चढवायची नाहीत.

कोल्हापूरला शिरोलीच्या एका फाउंड्रीत माझी उमेदीची वर्षं गेली. पोर्ट म्हणजे ओतताना साच्यात ठेवलेल्या वाळूच्या कोअरने सोडलेली पोकळी. कोअर अर्धा सूत सरकला तरी पोर्टची एक भिंत जाड आणि दुसरी पातळ होते, आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून पहिलं काम, बोट आत घालून आठही इनटेक पोर्टची पुशरॉडजवळची (कॅमची उचल रॉकरला पोचवणाऱ्या काडीजवळची) अरुंद जागा चाचपणे, मग टेलिस्कोपिक गेज. इथे पोर्ट सीएनसीवर फिरवलेले असल्याने एकसारखे निघाले. हत्याराच्या रेघा तशाच ठेवल्यात; इनटेक आरशासारखा चकचकीत करायचा मेव्हण्याचा बेत हाणून पाडला.

चेंबर ब्युरेटने मोजले, सगळे ६५ च्या अर्ध्या सीसीच्या आत. व्हॉल्व्ह सीटवर निळा रंग लावून बसकण पाहिली, कडी अखंड. दोन गाइडमध्ये बारीक कचरा होता, ब्रशने काढला.

जोडीमागे वीसेक किलो वजन कमी झालं. एकट्याने उचलून बाकावर ठेवताना हे पाठीला लगेच कळतं.

१७ मे

ब्लॉक फेस मारून, धुऊन परत. क्रँक, पिस्टन, कॅम बसला.

वीस थाऊ कापल्याने पिस्टन व्हॉल्व्हच्या तेवढाच जवळ आला, म्हणून मातीची परीक्षा. पिस्टनच्या खाचांत मुलांची खेळण्याची माती थापली, हेड जुन्या पॅकिंगवर तात्पुरतं कसलं, इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं, हेड काढून माती ब्लेडने कापली आणि सर्वांत पातळ जागी जाडी मोजली. इनटेकला किमान ८० थाऊ हवेत, एक्झॉस्टला १००. दोन्हीकडे वर शिल्लक आहे.

पुशरॉडची लांबी: व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करची शाई लावून, लांबी कमी-जास्त होणारा पुशरॉड टाकून फिरवलं. रॉकरची घासण टोकाच्या मधोमध आणि अरुंद हवी. ७.८ इंचीवर ती आतल्या कडेला जात होती, ७.९ वर मध्यात आली. या हेडवर गाइडप्लेट (पुशरॉड सरळ धरणाऱ्या पट्ट्या) आहेत, म्हणून पुशरॉड कडक केलेलेच. सेल्फ अलाइनिंग रॉकर आणि गाइडप्लेट एकत्र कधीच नाहीत, दोघांची ओढाताण होऊन काहीतरी तुटतं.

३१ मे

हेड चढली. दर हेडला सतरा बोल्ट. स्मॉल ब्लॉकमध्ये हे बोल्ट थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरतात, म्हणून आट्यांना सीलंट; विसरलात तर पाणी आट्यांमधून झिरपत वर येतं. बोल्टच्या डोक्याखाली कडक पोलादी वॉशर, नाहीतर मऊ अॅल्युमिनियम खरवडतं. मधून बाहेरच्या क्रमाने तीन टप्प्यांत ६५ फूट-पाउंड. शेवटचा टप्पा मेव्हण्याने केला, पाना टक् वाजला की मोठ्याने नंबर म्हणत.

नवे प्लग लांब आट्यांचे, वॉशरवाले. जुन्या ८८२ चे आखूड, निमुळत्या बसकणीचे प्लग इथे चालत नाहीत.

२१ जून

इंजिन सुरू. जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं तेल भरून पहिली वीस-पंचवीस मिनिटं २००० ते २५०० मध्ये, आरपीएम वरखाली करत. आयडलवर अजिबात सोडलं नाही. आवाज स्वच्छ. मागच्या कोपऱ्यात मॅनिफोल्डखाली तेलाचा थेंब, तो नंतर बघू.

एकूण अॅडव्हान्स (ठिणगी किती आगाऊ पडते ते) ३४ अंशांवर ठेवला. जुनं हेड ३६-३८ मागायचं.

५ जुलै

रस्त्यावर घेतली. १५०० आरपीएमपासून पॅडल दाबलं की थांबत नाही, विचार करत नाही, उचलते. ३० अंश सेल्सियसच्या उन्हात, टॉप गिअरमध्ये, चढावर मुद्दाम लोड देऊन ऐकलं, नॉक नाही. प्लग काढले, चिनीमाती फिकट बदामी, आठही सारखे. ५५०० पर्यंत सरळ ओढते, त्यापुढे कॅमच संपतो, हेड नाही.

मेव्हण्याने उतरल्यावर २२० चं नाव काढलं नाही. आता ३.४२ चा गिअर शोधतोय. ६० मैलांना २१०० ऐवजी साडेसव्वीसशे आरपीएम होतील. पेट्रोल तोच भरणार आहे, तेव्हा माझी हरकत नाही. अॅक्सल उघडायच्या आधी मॅनिफोल्डखालचा तो थेंब बंद करायचा.